बारवेतली प्राचीन लिपी

बी.ए. होणारा मी आमच्या घरातला पहिला. समोरच्याला हे पाच मिनिटांच्या आत कळेल, याची मी काळजी घेत असे. त्याचा अभिमान मला आजही आहे. तेव्हा जरा जास्तच होता.

बहात्तरच्या दुष्काळाचा तो उन्हाळा. नगरच्या एका कॉलेजची नवी सिमेंटची इमारत उभी राहिली होती आणि उद्घाटनाला फोटोंचं प्रदर्शन ठेवायचं ठरलं. एका भिंतीवर जिल्ह्यातलं जुनं बांधकाम, समोरच्या भिंतीवर नवं : हीच इमारत, एसटी स्टँड, कोपरगावकडचे साखर कारखाने. फोटोंखालच्या चिठ्ठ्या मी लिहायच्या होत्या. नव्या इमारतीत संग्रहालयाची एक खोली होती, तिथे सहायकाची जागा निघणार होती. प्राचार्य म्हणाले होते, आधी काम बघू, मग जागेचं बघू. बेकार पदवीधराला एवढं पुष्कळ झालं.

फोटोग्राफरला घेऊन मी केडगावच्या पुढे आमच्या गावी गेलो. आमची बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, तळापर्यंत कोरडी पडली होती. शेवटच्या पायरीजवळच्या दगडावर मला ओळीने कोरलेल्या रेघा दिसल्या. काही नुसत्या उभ्या, काहींना मधून छेद. वर वाळलेलं शेवाळ. मी फोटोग्राफरला लगेच त्या दगडाचा फोटो घ्यायला लावला. गाव सगळं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेलं, विचारायला माणूस नव्हतं. असतं तरी मी विचारलं नसतं. बी.ए. झालेला माणूस गावात विचारतो कशाला?

चिठ्ठीवर लिहिलं, ‘अज्ञात प्राचीन लिपी. वाचन चालू आहे.’ खाली संशोधक म्हणून माझं नाव. वाचन म्हणजे मी रोज संध्याकाळी भिंग घेऊन त्या रेघा मोजत असे. छेद दिलेली रेघ हे राजाचं नाव असावं, असा माझा तर्क होता. तो फोटो मी सगळ्यात मोठा करून घेतला आणि दारातच लावला. ज्या इमारतीचं उद्घाटन होतं, तिचा फोटो त्याच्या निम्मा.

उद्घाटनाला आई आणि काकी एसटीनं आल्या. मी प्राचार्यांना आणि चार पाहुण्यांना लिपी समजावून सांगत होतो. आई फोटोपुढे उभी राहिली, जवळ गेली, आणि काकीकडे वळून म्हणाली, “अगं धाकटे, ह्ये तर आपलं भांडान हाय.”

मी घाईनं म्हणालो, “सर, ही माझी आई. तिला लिहितावाचता येत नाही.”

त्यात खोटं काही नव्हतं. तरी ते वाक्य आठवलं की आजही मान खाली जाते.

प्राचार्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांनी आईलाच विचारलं. तिनं सगळं सांगितलं. मी अंगावर पीत होतो त्या साली असंच पाणी आटलं होतं. तळाच्या झऱ्यावर वाटीवाटीनं हंडे भरायचे, पाळीपाळीनं. काकी पाळी मोडते असा आईला संशय, म्हणून दर हंड्याला ती विळ्याच्या टोकानं रेघ ओढायची. साध्या रेघा आमच्या, छेद दिलेल्या काकीच्या.

“त्यातल्या तीन तू जास्तीच्या वढल्यात,” काकी म्हणाली. “तवाबी सांगितलं हुतं, आत्ताबी सांगती.”

“मग तवाच पुसायच्या हुत्या.”

समोरच्या भिंतीजवळची माणसं कारखाने सोडून इकडे आली. एका पाहुण्यानं मला विचारलं, वाचन झालं का पुरं.

प्राचार्यांनी कोरी चिठ्ठी दिली आणि लिहा म्हणाले. आई सांगत गेली, मी लिहीत गेलो. शेवटी काकीच्या आग्रहावरून ‘यातल्या तीन रेघा वादग्रस्त’ असंही लिहिलं.

निघताना मी हळूच जागेचं विचारलं. प्राचार्य म्हणाले, “बाकीच्या फोटोंच्या गावी कुणाला विचारलंय?”

नव्हतं विचारलं. मग सगळा मे महिना मी एसटीनं आणि पायी गावोगाव हिंडलो. ‘मला माहीत नाही, तुम्ही सांगा’ हे म्हणायला पहिल्या गावात फार जड गेलं. निम्म्या चिठ्ठ्या बदलाव्या लागल्या.

जूनमध्ये जागा मिळाली, सहा महिन्यांच्या बोलीवर. आईनं आधी विचारलं, धाकटीला सांगितलंस का? नाही म्हटल्यावर ती स्वतःच सांगायला गेली, आणि तणतणत परत आली. काकीचं म्हणणं, नोकरी तिच्या हंड्यांमुळं लागली.