सोलापूरसाठी एक फुकट थीम

“हे कोण?” स्क्रीनवरच्या बुद्धाकडे बोट दाखवून कांबळे मॅडमनी विचारलं.

वर डोळे मिटलेला बुद्ध, शेजारी एकावर एक रचलेले गुळगुळीत दगड, एक मेणबत्ती आणि घडी घातलेला पांढरा टॉवेल. अशी ती थीम होती. आमचे साहेब जोगळेकर आदल्या दिवशी मला म्हणाले होते, “वैशाली, त्यांना बुद्धाची दाखव. एका मिनिटात हो म्हणतील.”

“आमच्या घरात बुद्धाचा फोटो आहे,” मॅडम म्हणाल्या. “पण त्याच्याशेजारी टॉवेल कोणी ठेवत नाही. मसाजचं दुकान आहे का हे? पुढचं दाखव.”

मी मुकाट्याने पुढचं दाखवलं.

ब्लॉगचे दिवस होते ते. नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस. आधी आम्ही लग्नपत्रिकांचं आणि दिवाळी अंकांचं डीटीपी करायचो. मग पुण्यात आयटीचं वारं शिरलं, लोक पत्रिकेऐवजी वेबसाइट मागायला लागले आणि जोगळेकरांनी पाटी बदलली. खुर्च्या त्याच, माणसं तीच, पाटीवर मात्र ‘सोल्युशन्स’. कसली सोल्युशन्स, ते विचारायचं नाही.

थीम म्हणजे ब्लॉगचा पेहराव. मजकूर तोच राहतो, अंगावरचे कपडे बदलतात. पानाचा रंग, अक्षराचा आकार, डोक्यावरचं चित्र, तारीख कुठे लिहायची, हे सगळं थीम ठरवते. जगभरातले हौशी लोक अशा थीम बनवून इंटरनेटवर फुकट ठेवायचे. फुकट ते पौष्टिक, हा नियम जोगळेकरांना तोंडपाठ होता. ब्लॉगवाल्यांना विकतची थीम दाखवायचीच नाही, असा त्यांचा हुकूम होता.

कांबळे मॅडम टेलिफोन खात्यातून सुपरवायझर म्हणून रिटायर झालेल्या. राहायच्या कात्रजला. भाचा हिंजवडीत. त्याने त्यांना घरी कॉम्प्युटर आणून दिला, मराठी टाइप करायला शिकवलं आणि एक ब्लॉग उघडून दिला. चार लेख लिहून झाले होते. पण भाच्याने लावलेली थीम म्हणजे नुसतं पांढरं पान. “हॉस्पिटलच्या चादरीवर लिहिल्यासारखं वाटतं,” म्हणून त्या आमच्याकडे आल्या.

दुपारी जेवणानंतर यायच्या. जोगळेकर खुर्चीतच डुलकी काढायचे, पंखा गरगरत असायचा, खालच्या बाइंडिंगच्या दुकानातून खळीचा वास वर यायचा. मी एकेक थीम उघडायची आणि आम्ही दोघी बघत बसायचो. लक्ष्मी रोडवर साड्यांचे गठ्ठे उलगडून बसावं तसं. घ्यायची एकच, पण बघायला काय जातं?

फुकट थीम बघताना माणसाला गुंगी येते, खोटं कशाला सांगू. धुक्यातलं तळं. त्यात वल्ह्याशिवायची होडी. पिवळ्या पानांनी झाकलेला रस्ता, कुठल्या देशातला कोण जाणे. निळ्या खिडकीतली मांजर. कुणीतरी कुठेतरी बसून हे सगळं जीव लावून केलंय आणि ‘घ्या, कुणालाही घ्या’ म्हणून ठेवून दिलंय. बघता बघता चहा गार व्हायचा. मॅडम मधूनच म्हणायच्या, “इथे राहावंसं वाटतं गं. पण लिहावंसं नाही वाटत.” मला ते पटायचं. मग आम्ही पुढच्या तळ्याकडे जायचो.

जोगळेकरांची डुलकी संपली की आमची समाधी मोडायची. “अजून चाललंय का? आपण धर्मशाळा काढलीय, मला कोणी बोललं नाही.”

तिसऱ्या का चौथ्या दुपारी एक थीम उघडली. वर नुसतं फिकट आभाळ. आभाळात आडव्या पाच तारा आणि एका तारेवर काही पक्षी, एकमेकांपासून अंतर ठेवून बसलेले. बाकी काही नाही.

मॅडम पुढे सरकल्या. “ही.”

“विजेच्या तारा आहेत मॅडम.”

“विजेच्या नाहीत. टेलिफोनच्या आहेत. माझा जन्म गेलाय त्यात, मला नको सांगू. ही सोलापूरला आवडेल.”

“सोलापूरला कोणाला?”

“सोलापूरलाच,” त्या म्हणाल्या. मग त्यांनीच मला समजावून सांगितलं.

एसटीडी, म्हणजे घरून थेट नंबर फिरवायची सोय, येण्याआधी परगावी फोन करायचा तर ट्रंक कॉल बुक करावा लागे. पुण्याची ऑपरेटर सोलापूरच्या ऑपरेटरला नंबर सांगायची, ती तिकडे तो जोडून द्यायची. ऑपरेटरने नाव सांगायचं नाही, असा नियम. त्यामुळे पुण्याच्या बाईला तिकडून ‘पुणे’ म्हणायचे आणि सोलापूरच्या बाईला इकडून ‘सोलापूर’. कांबळे मॅडम तेव्हा पुण्याच्या ऑपरेटर. त्या कॉल जोडायच्या बोर्डावर असताना बहुतेक वेळा तिकडे एकच आवाज असायचा. कॉल जोडायच्या आधी दोन वाक्यं, नंतर दोन वाक्यं. असं करत करत वर्षं गेली. सोलापूरच्या आईचं आजारपण मॅडमना माहीत, मॅडमच्या बदलीचं राजकारण सोलापूरला माहीत. नाव मात्र एकमेकींचं माहीत नाही.

“एकदा ती म्हणाली, पुणे, आता भेटू या की. दिसता तरी कशा, ते बघू.” मॅडम स्क्रीनकडेच बघत होत्या. “मी म्हटलं, आवाज बरा आहे, तेवढ्यावर भागवा.”

मला हसू आलं. मॅडमना आलं नाही.

“गंमत म्हणूनच म्हटलं होतं. तर तिकडून एकदम शांत. लाईन कट. दुसऱ्या दिवशी सोलापूरला फोन लावला तर कोणीच नाही. मग कळलं, तिकडे एसटीडी सुरू झालं. थोड्या दिवसांनी आमचाही बोर्ड गेला आणि मला बिलांच्या खिडकीवर बसवलं. ती रागावली का बोर्डच गेला, ते मला आजतागायत कळलेलं नाही.”

“मग भेटायला हो का नाही म्हणालात?”

“अगं, भेटलं की माणूस पहिल्यांदा काय विचारतो? आडनाव. मी कांबळे म्हटल्यावर समोरच्याचा चेहरा बदलताना मी किती वेळा बघितलाय. आवाजाला आडनाव नसतं. तेवढी एक जागा मला तशीच ठेवायची होती.”

मी तारांची ती थीम उतरवून घेतली. 

तर ब्लॉग होता तो यासाठी. सोलापूरचं नाव ठाऊक नाही, पत्ता नाही. शोधायचं कसं? म्हणून मॅडम ट्रंक बोर्डाच्या आठवणी लिहीत होत्या. सोलापूर कधीतरी कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर वाचेल आणि उत्तर देईल, एवढीच आशा. आणि यावेळी त्यांनी ब्लॉगवर पूर्ण नाव घातलं होतं, सुमन कांबळे.

थीम लावायला घेतली तेव्हा तिने अंगातले गुण दाखवले. इंग्रजी थीम त्या. करणाऱ्याने शीर्षकातली अक्षरं ऐसपैस दिसावीत म्हणून प्रत्येक अक्षरामध्ये मोकळी जागा सोडलेली. इंग्रजीला ते शोभतं. मराठीत डोक्यावरची रेघच तुटते, शब्दाच्या फोडी होतात. शिवाय ओळी इतक्या जवळ की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकलेले. एक अख्खा दिवस मी त्या रेघा सांधत होते. जोगळेकर मागे उभे राहून म्हणाले, “फुकटच्या थीमला रफू करायला मी पगार देतो, हे माझं भाग्य.”

संध्याकाळी थीम लागली. मॅडमनी फोनवर सांगितलं, छान दिसतंय. माझ्या दृष्टीने काम संपलं.

दोन-तीन दिवसांनी त्या ऑफिसात आल्या, तेही सकाळी. बसल्या नाहीत.

“ब्लॉग बंद कर.”

“का? काय झालं?”

“उत्तर आलं.”

“सोलापूरचं?”

“तिचंच असणार. दुसरं कोण वाचतंय? चारही लेख वाचलेत आणि चारही लेखांखाली तेच लिहून गेलीय. माझं आडनावही वाचलं असेल वर. ठीक आहे. कळलं मला. बंद करून टाक.”

मी ब्लॉग उघडला. पहिल्या लेखाच्या शेवटी, बारीक करड्या अक्षरात दोन इंग्रजी शब्द होते. नो कॉमेंट्स. दुसऱ्या लेखाखाली नो कॉमेंट्स. तिसऱ्याखाली, चौथ्याखाली तेच.

मला आधी हसू फुटणार होतं. मग मॅडमचा चेहरा बघितला आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवला.

“मॅडम, हे कोणी लिहिलेलं नाही. हे थीमच लिहिते. कोणाचीही प्रतिक्रिया आलेली नसली की आपोआप येतं. म्हणजे अजून कोणी काही बोललेलं नाही.”

“असं लिहितात का?”

“इंग्रजीत असंच लिहितात.”

“आमच्या खात्यातले साहेब पेपरवाल्यांना म्हणायचे नो कॉमेंट्स. म्हणजे सगळं माहीत आहे, पण तुमच्याशी बोलायचं नाही.” त्या खुर्चीवर बसल्या. “आणि पुण्यात कोणाचा अपमान करायला दोन शब्द पुरतात. मला वाटलं, माझंच मला परत केलं तिने.”

जोगळेकर पेपरमागून म्हणाले, “जुन्या थीममध्ये नव्हतं का हे?”

नव्हतं. भाच्याच्या थीममध्ये तिथे नुसतं शून्य होतं, तेही एका फुग्यात. मॅडमना ती नक्षी वाटली होती. कपडे बदलल्यावर त्याच शून्याला तोंड फुटलं.

मग मी पुन्हा थीम उघडायला बसले. पण आता वरची चित्रं बघतच नव्हते, थेट तळाशी जात होते. एक थीम म्हणत होती, पहिले तुम्ही व्हा. जणू शर्यत लावलीय. एक म्हणत होती, बोला की, गप्प का? एकीत एक केविलवाणा चेहरा होता. तळी, होड्या, धुकं सगळं वर ठेवून, रिकाम्या पानाखाली प्रत्येक जण काहीतरी वेडंवाकडं बोलत होता. आणि इतक्या दुपारी मी तेवढं सोडून सगळं बघितलं होतं.

“थीम नको बदलू,” मॅडम म्हणाल्या. “तारा राहू देत. हे दोन शब्द बदलता येतील?”

“येतील. काय लिहू? प्रतिक्रिया नाहीत?”

“नको. तेही मयताची नोटीस लावल्यासारखं आहे.” त्यांनी जरा विचार केला. “आमच्याकडे नंबर लागला आणि पलीकडे कोणी नसलं तर कॉल बुक करणाऱ्या पार्टीला काय सांगायचो माहितीय? लिही. रिंग जाते आहे. अजून कोणी उचलला नाही.”

मी थीमची फाइल उघडली, ते दोन शब्द पुसले आणि हे लिहिलं. चारही लेखांखाली ते उमटलं. मॅडमनी प्रत्येक लेख उघडून स्वतः बघितलं, मग पर्स उचलली. “आता बंद नको करूस.”

पुढे त्या लिहीत राहिल्या. कात्रजचे एक गृहस्थ प्रतिक्रिया देऊन गेले, “मी उचलला, बोला.” मग आणखी कोणी कोणी. कधीकाळी ट्रंक कॉलसाठी रात्रभर ताटकळलेली माणसं होती ती, तक्रारीही करून गेली. इतक्या वर्षांनी. सोलापूर मात्र नाही. मॅडम विचारायच्याही नाहीत.

नवीन प्रतिक्रिया आधी माझ्या ईमेलवर यायची, मी ती पास करायची आणि मग ती ब्लॉगवर दिसायची. जाहिरातींचा कचरा आत शिरू नये म्हणून ही सोय. दिवाळीच्या जरा आधी असंच एक ईमेल आलं. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. मी वाचलं, पास केलं नाही, आधी फोन उचलला.

“मॅडम, सोलापूर.”

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग, “वाच.”

मी वाचलं. “मुलीने वाचून दाखवलं, तीच टाइप करते आहे. पुणे, लाईन मी तोडली नाही. तुम्ही बोलत होता आणि आमच्याकडे बोर्ड काढायला माणसं आली. बोलता बोलता वायरच ओढली. मी रागावले असते तर तोंडावर बोलले असते, मला ओळखत नाही का? तुम्ही भेटायला नको म्हणालात, तेव्हा खरं तर मला हायसं वाटलं होतं. भेटू या असं मीच म्हणून बसले होते, आणि म्हणताक्षणीच जिवाला घोर लागला होता, की आता नाव सांगावं लागणार.”

“नाव दिलंय?” मॅडमनी विचारलं.

नाव द्यावंच लागतं. ती चौकट रिकामी ठेवली तर थीम प्रतिक्रिया घेतच नाही.

“झुबेदा शेख,” मी वाचलं.

 मी फोन कानाला धरून बसले. खाली बाइंडिंगच्या दुकानात कोणीतरी कागदांचा गठ्ठा आपटून सारखा करत होतं, तेवढाच आवाज येत होता.

“म्हणजे ती पण,” शेवटी मॅडम म्हणाल्या. “वर्षानुवर्षं, गं. दोघी आपापल्या टोकाला तेच धरून बसलो.” त्यांचा आवाज भरून आला होता. खरंच बरा आवाज होता त्यांचा.

दिवाळीनंतर त्या सोलापूरला जाऊन आल्या. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. चादर आणली होती माझ्यासाठी, ती अजून वापरात आहे.

आता माझ्याकडे कोणी ब्लॉगसाठी थीम निवडायला बसलं, की मी आधी त्यांना रिकामं पान उघडून दाखवते. लोक वैतागतात, त्यांना वरचं चित्र बघायचं असतं. भरल्या पानावर सगळ्याच थीम छान दिसतात. कोणी आलेलं नसताना थीम तुमच्याशी काय बोलते, तेवढं आधी वाचून घ्यावं. फुकट मिळालेली असली तरी.