त्रिशला आक्काचं जड पाणी

निपाणीच्या एका कॉलेजात त्रिशला आक्कानं तीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या. शिक्षण सातवी, पण कुठल्या बाटलीतलं कशात पडलं की काय होतं, हे नव्या सरांच्या आधी तिला ठाऊक. एखाद्याचा प्रयोग फसला की पदर तोंडाला लावून हसायची आणि मग हळूच बरोबर बाटली पुढं सरकवायची. अशी ही खट्याळ बाई.

नवरा पायगोंडा गेल्यावर ती घरात एकटी उरली. दारात बोअरचा नळ होता म्हणून बरं. गल्लीतल्या बायका घागरी घेऊन यायच्या, पाण्यापेक्षा गप्पाच जास्त भरून न्यायच्या. आक्काचा दिवस त्यावर निघायचा.

तर एका सकाळी कडक इस्त्रीच्या कपड्यातला, पाण्याचे फिल्टर विकणारा एक फिल्टरवाला आला. शेजारच्या यशोदाबाईच्या कट्ट्यावर त्यानं दोन ग्लास मांडले. एकात त्याच्या फिल्टरचं पाणी, दुसऱ्यात आक्काच्या नळाचं. दोन्हींत साबणाचं पाणी ओतून ढवळलं. त्याच्या ग्लासात झकास फेस, आक्काच्यात पांढऱ्या गुठळ्या.

"हे विष रोज पिताय तुम्ही," तो म्हणाला.

यशोदाबाईनं भरलेली घागर तिथंच गटारात ओतली. आक्काच्या मनात आलं, उद्यापासून दारात कोण येणार?

पण रडत बसेल तर ती आक्का कसली. आत जाऊन तिनं लिंबू आणलं, फिल्टरच्या ताज्या पाण्यात पिळलं.

"आता घाल बाळ, तुझा साबण."

त्यानं घातला. फेस राहिला बाजूला, पाणी ताकागत पांढरं झालं.

"आता लिंबूसरबताला बी विष म्हण," आक्का म्हणाली. "साबण तेलाचा असतोय रं. आंबट पडलं की त्यातलं आम्ल सुटं हुतंय. फॅटी अॅसिड म्हणायचे आमचे सर. माझ्या पाण्यात क्षार हाईत, ते साबणाला धरून गुठळ्या करत्यात. धुणं नीट निघत न्हाय, कबूल. पर पोटाला कोण साबण लावतंय व्हय?"

बायका खो खो हसल्या. बोलून बोलून फिल्टरवाल्याच्या घशाला कोरड पडली होती. आक्कानं नळाचा तांब्या भरून पुढं धरला. सगळी गल्ली बघत होती. तो जरा घुटमळला आणि गटागट प्याला.

यशोदाबाई उठली, रिकामी घागर नळाखाली लावली. आक्काला भरून आलं. ते लपवायला ती खेकसली, "उभी का? भरस्तोवर बस की गं."

यशोदाबाई बसली. घागर भरून वाहायला लागली तरी नळ बंद करायला कुणी उठलं नाही.