येळवस आणि बोटीचं हँडल

माझे मेहुणे, म्हणजे बायकोचे थोरले भाऊ, गेल्या आषाढात गेले. लातूरला दवाखान्यात तीन दिवस होते, चौथ्या दिवशी सकाळी फोन आला. त्यांच्याविषयी तुम्ही काहीतरी लिहा, असं बायको तेव्हापासून म्हणते आहे. मी नांदेडच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं रॅकवर लावली, लिहिलं काहीच नाही. आता लिहायला बसलो की एकच दिवस समोर येतो, मी त्यांच्याशी वाईट वागलो तो.

सासुरवाडी कंधार तालुक्यातली. धरण झालं तेव्हा सासऱ्यांचं अर्धं शेत पाण्याखाली गेलं. उरलेला तुकडा पाण्याच्या पलीकडे राहिला. गाडीरस्त्याने जायचं तर सगळ्या पाण्याला वळसा पडतो, नाकासमोर पाण्यातून गेलं तर दहा मिनिटं. मेहुणे लातूरला डाळ मिलमधल्या मोटारी दुरुस्त करत. इंजिन म्हटलं की त्यांचा चेहरा उजळायचा. कुठल्याशा बंद पडलेल्या बोटिंगच्या जागेवरून त्यांनी एक जुनी फायबरची बोट आणली, मागे लावायचं इंजिन मिळवलं आणि ते महिनाभर खोलून-जोडून चालू केलं. धंदा करायचा नव्हता, निव्वळ हौस. सुट्टीला गावी आले की पाहुण्यारावळ्यांना पाण्यावर फेरी मारून आणायचे.

त्यांच्या बोटीत बसणं म्हणजे त्यांच्या बुडालेल्या शेतातून फिरणं असायचं. इंजिनच्या हँडलवर एक हात, आणि नजर पाण्यावर. "ही आमची विहीर," म्हणायचे, आणि विहिरीला वळसा घालायचे. "हा धुऱ्याचा बांध. ही बाभळ, हिचं खोड लई बेकार हाय." आम्हाला सगळीकडे सारखंच सपाट पाणी दिसायचं. पाणी हातभर उतरलं की तीच खोडं इंजिनच्या पात्याला लागतील इतकी वर येतात, हे ते सांगायचे आणि आम्ही नुसतं हं म्हणायचो.

बोटीसाठी त्यांनी रीतसर परवानगी काढली होती. तो कागद लॅमिनेट करून बोटीतल्या बैठकीच्या आत चिकटवला होता. माणसं किती बसवायची, प्रत्येकाच्या अंगात जॅकेट, दिवस मावळल्यावर बोट काढायची नाही, चालवणाऱ्याने दारू घेतलेली नसावी. येळवशीच्या सणाला ते आंबीलही वाटीभरच घ्यायचे. सासरे चिडवायचे, "आरं, ताकाच्या आंबिलीनं कुणाला नशा येती का?" ते म्हणायचे, "नशा न्हाई, झोप येती. मला परतीला बोट हाकायचीय."

येळवस म्हणजे वेळा अमावस्या. आमच्याकडे लातूर-नांदेडच्या पट्ट्यात त्या दिवशी घरं ओस पडतात. सगळं गाव शेतात. कडब्याच्या कोपीत, म्हणजे छोट्या खोपीत, लक्ष्मीची पूजा होते, मग डाळी-दाण्यांची मिसळ भाजी म्हणजे भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, आंबील, आणि जेवून सावलीत आडवं होणं. त्या दिवशी जावयाचा मान मोठा. त्याला कुणी कशालाही नाही म्हणत नाही. तो रुसला तर सासऱ्याची मान चारचौघांत खाली जाते.

त्या वर्षी जेवणं झाल्यावर एका चुलत सासऱ्यांनी मला तुरीच्या आड बोलावलं. लक्ष्मीच्या सणाला असलं काही उघड चालत नाही, म्हणून तुरीच्या आड. स्टीलच्या पेल्यात ओतून म्हणाले, "घ्या हो जावईबापू, वर्षातनं एकदा तर येता." मला सवय नव्हती. नाही म्हणायचीही सवय नव्हती. पहिला पेला आग्रहाने झाला. दुसरा मी आपण होऊन घेतला.

ऊन कलल्यावर परतायची वेळ झाली. बायको, मुलगी, घरातल्या बाकीच्या बायका बोटीत बसल्या. मी काठावर आलो आणि मेहुण्यांना म्हणालो, "दादा, आज बोट मी चालवतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खांद्यावर हात ठेवून मला बाजूच्या झाडाआड नेलं आणि हळू आवाजात म्हणाले, "दाजी, आज हँडल मिळणार न्हाई."

"का?"

"वास येऊन राहिलाय."

मला अपमान वाटला. आणि शिकलेल्या माणसाला अपमान वाटला की तो पुस्तक काढतो. मी म्हणालो, "दारू पिऊन वाहन चालवण्याचा कायदा रस्त्यावरच्या गाडीला आहे. बोट त्या व्याख्येत बसत नाही. आणि धडकायचं तर कशाला? सगळं रिकामं पाणी आहे."

"रिकामं?" ते म्हणाले. "दाजी, तिथं माझ्या बापाचं निम्मं शेत हाय. आणि बोटीत तुमची लेक बसलीय. रस्त्यावर धरायला पोलीस तरी असतो. इथं कोण धरणार? मलाच धरावं लागतंय."

"जावयाला नाही म्हणताय तुम्ही. सणाच्या दिवशी."

"हाव. म्हणतोय. माझ्या बापाला सांगा पाहिजे तर."

सांगितलं असतं तर सासऱ्यांनी मुलालाच झापलं असतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी सांगितलं नाही. मी रुसलो. "मग मी पायी येतो," म्हणालो आणि काठाकाठाने तरातरा निघालो. चालणाऱ्या माणसालाही बरीच अडचण आहे, हे मला पन्नास पावलांतच कळलं. पाणी उतरलेल्या जागी काळी माती लोण्यासारखी असते. एक चप्पल तिच्यात राहिली. ती उपसायला वाकलो तर हात कोपरापर्यंत आत गेला.

थोड्या वेळाने मागून इंजिनचा आवाज आला. बायकांना पलीकडे सोडून मेहुणे रिकामी बोट घेऊन परत आले होते. माझ्या चालीने, काठापासून वीसेक हातांवरून, ते बोट चालवत राहिले.

"दाजी, बसा की."

"नको."

"बरं. चाला. मी हायेच."

असे आम्ही कितीतरी वेळ गेलो. मी चिखलात, ते पाण्यावर. मध्येच म्हणाले, "उजवीकडनं या, तिथं रुतसाल." मी मुद्दाम डावीकडून गेलो आणि रुतलो. ते हसले नाहीत. इंजिन बारीक करून थांबले.

"पुढं ओढा हाय," मग म्हणाले. "कमरेच्या वर पाणी."

"मला पोहता येतं."

"येतंय, ऐकलंय मी. पेल्याबरोबर येतंय का, ते बघायची माझी तयारी न्हाई."

ओढ्यापाशी मी थांबलो. बापड्या माणसाने पँट वर करून मांडीभर गार पाण्यात उडी घेतली, बोट धरून ठेवली. मी चढलो. त्यांनी माझ्या अंगात जॅकेट घातलं, तिन्ही पट्टे स्वतः लावले, लहान मुलाचे लावावेत तसे. बोट पलीकडच्या काठाला लावली. उतरताना म्हणाले, "उद्या सकाळी सहाला या. हँडल देतो. सगळी खोडं दाखवतो."

सकाळी सहाला मी नांदेडच्या एसटीत बसलेलो होतो.

पुढची दोन वर्षं मी येळवशीला गेलो नाही. एकदा परीक्षांची सबब काढली, एकदा पुस्तकांच्या मोजणीची. त्याच सुमारास ग्रंथालयात रिकामा बसलो असताना कायद्याची पुस्तकं काढून पाहिली. दंडसंहितेत होडी बेदरकारपणे हाकण्याचा गुन्हा जुन्या काळापासून आहे. नद्या-तलावांवरच्या जहाजांचा नवा कायदा इंजिनच्या बोटीलाही धरतो. दारूबंदीच्या कायद्यात तर पाण्याला सूट नाहीच, आणि तुरीच्या आड पिणाऱ्या माझ्याकडे पिण्याचा परवानाही नव्हता. पुस्तकं जागेवर ठेवली. हे कुणाला सांगायचं, हा प्रश्न होता, कारण ज्यांना सांगायचं त्यांना मी भेटत नव्हतो.

बायको दोन्ही वर्षं एकटी गेली. दोन्ही वेळा येताना भज्जीचा डबा घेऊन आली. "दादानं दिलाय. दाजींना दे म्हणाला." मी खात होतो, आणि ती काही विचारत नव्हती.

तिसऱ्या वर्षी गेलो. कोपीपाशी सासरे भेटले आणि हसून म्हणाले, "जावईबापू, यंदाबी पायीच का? तुम्हाला चालायची लई आवड म्हणं. पोरगा सांगत होता, दाजींना पाय मोकळे करायचे होते, मीच मधनं बोटीत घेतलं." मी मेहुण्यांकडे पाहिलं. ते उंड्याचा तुकडा भज्जीत बुडवत होते. दोन वर्षं त्यांनी घरात कुणालाही, त्यांच्या बहिणीलासुद्धा, काही सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आपण होऊन काठावर गेलो. ते इंजिन पुसत होते. मला पाहून ते पुढच्या फळीवर जाऊन बसले आणि मागची जागा माझ्यासाठी सोडली. हँडल हातात घेतल्यावर कळलं की ते डावीकडे दाबलं की बोट उजवीकडे जाते. एवढंही मला माहीत नव्हतं. पाण्यावर धुकं होतं. ते बोटाने दाखवत होते आणि मी वळवत होतो. एकदा पात्याखाली काहीतरी खरखरलं, तेव्हा त्यांनी फक्त हात वर केला. मी वेग कमी केला.

पाण्याच्या मधोमध आल्यावर मी सुरुवात केली. "दादा, त्या दिवशी..."

"अगोदर इंजिन बंद करा," ते म्हणाले. "बोलायचं तर चालू बोटीत न्हाई."

मी बंद केलं. एकदम इतकी शांतता झाली की काठावरच्या टिटव्या ऐकू आल्या. मी म्हणालो, "त्या दिवशी माझं चुकलं. दारूचं तर चुकलंच. पण तुमच्यावर रुसलो, ते जास्त."

मला वाटलं, ते म्हणतील, जाऊ द्या हो. आमच्याकडे जावयाला असंच म्हणतात.

ते फळीवरून उठून मागे माझ्याशेजारी आले. मग म्हणाले, "हाव. चुकलंच होतं." आणि वाकून मागे हात घालून त्यांनी इंजिनची दोरी ओढली.