छतावरचा पिंपळ आणि सुखदेवकाका

सुखदेवकाकांची आणि माझी पहिली भेट मंचरमधल्या एका दवाखान्याच्या गच्चीवर, भर उन्हात झाली. मी नवी इंजिनिअर. हातात हिरव्या छताचा, म्हणजे गच्चीवरच्या बागेचा, रंगीत नकाशा, त्यात कुठे कोणते रोप तेही रंगवलेले. काका त्या कामाचे मुख्य गवंडी होते. त्यांनी नकाशा पाहिला, घडी घालून खिशात ठेवला आणि स्लॅबवर बादलीभर पाणी ओतले. पाणी निचऱ्याच्या जाळीकडे जायचे सोडून मधोमध तळे करून बसले. "मॅडम, झाडं लई छान काढलीत. पण पानी कुठनं जानार, ते आदी सांगा," काका म्हणाले. मला राग आला. उत्तर येत नव्हते म्हणून आला, हे आज कबूल करते.

त्या दिवसापासून मी त्यांची शिष्या आहे. पेठपासून येडगावपर्यंत आम्ही मिळून किती छते हिरवी केली, याची मोजदाद काकांनी ठेवली नाही आणि मला ठेवू दिली नाही. त्यांची पद्धत मात्र ठरलेली. आधी स्लॅबचा ढाळ, म्हणजे जाळीकडचा उतार, नीट करायचा. मग गच्चीवर तीन दिवस पाणी कोंडून ठेवायचे आणि खालच्या खोलीत मान वर करून फिरायचे. एक थेंब दिसला तरी काम पुन्हा. त्यानंतर मुळे अडवणारा जाड प्लास्टिकचा कागद, विटांचे तुकडे, गाळणीचे कापड आणि सर्वांत वर वीतभर हलकी माती, म्हणजे नारळाचा भुसा, भाताचे तूस आणि थोडे शेणखत. आमच्या भागातला घरमालक हौसेने आपल्या रानातली काळी माती ट्रॉली भरून आणतो. काका ती परत पाठवतात. "ही माती पानी पिऊन म्हशीवानी बसती, भाऊ. छत हाय हे, गोठा न्हाई."

काका फटकळ आहेत आणि कौतुकाच्या बाबतीत कमालीचे चिक्कू. चपला घालून शिडी चढणाऱ्याला, मग तो मालक का असेना, खाली उतरवतात. पण माझ्या बाळंतपणाच्या महिन्यांत माझ्या वाट्याच्या छतांची पाहणी त्यांनीच केली आणि दर आठवड्याला फोनवर हजेरी दिली. "पानफुटी समदी बरी. एक मेली. तुमी मनाला लावून घेऊ नका, म्हातारी झाली व्हती."

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहायला घेतला, तो सांगते. त्यात माझी शोभा नाही.

अवसरी बुद्रुकला विहाराशेजारी अभ्यासिका आहे. बौद्ध वस्तीतली आणि गावातल्या शेतकऱ्यांची मुले तिथे भरतीचा, परीक्षांचा अभ्यास करतात. छत हिरवे झाल्यापासून उन्हाळ्यात बसवेल अशी गावातली ती एकच खोली. छत काकांनीच केलेले, देखभाल माझ्याकडे होती. एका पाहणीत कठड्याच्या कडेला पिंपळाचे बोटभर रोप दिसले. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी पडते, रोप येते आणि ते लगेच उपटायचे असते, हे काकांनी मला पहिल्याच वर्षी शिकवले होते. पण अभ्यासिका सांभाळणाऱ्या मालतीबाई म्हणाल्या, "बोधिवृक्ष आपनहून आलाय, मॅडम. राहू द्या." शेजारचे शेतकरी तात्या म्हणाले, "पिंपळ उपटू नये, पाप लागतं." त्या दोघांचे एरवी कशावरच एकमत होत नाही. मीही शेतकऱ्याच्या घरची, आईने पिंपळाला हात जोडायला शिकवलेली. माझाही हात धजला नाही. पाहणीच्या वहीत मी लिहिले, "तण काढले. सर्व ठीक."

दोन वर्षे मी तेच वाक्य लिहीत राहिले. मग एका सकाळी खिडकीजवळच्या बाकावर छताच्या गिलाव्याचा ताटाएवढा तुकडा पडला. बाक रिकामा होता, एवढेच नशीब. गावाची बैठक बसली. बाग काढून टाका, वर पत्रे ठोका, असा सूर निघाला. पत्र्याखाली एप्रिल-मे महिन्यांत तिथे कोणी बसणार नव्हते. काकांच्या कामातच खोट आहे, असेही एकजण बोलला.

काका उठले. त्यांच्या हातात माझी वही होती आणि पिंपळाच्या मुळांनी फोडलेला कठड्याचा सांधा, त्यातून खाली झिरपणारे पाणी, सगळे ते छतावर जाऊन पाहून आले होते. मला वाटले, आता ते मला सांभाळून घेतील. त्यांनी वही माझ्यापुढे धरली. "मॅडम, तुमीच सांगा." मी सगळे सांगितले. मग मालतीबाई म्हणाल्या, "आमीच आडवलं व्हतं त्यांना." तात्यांनी मान डोलावली. काका एवढेच बोलले, "चूक कळली. आता पत्र्याचं नाव काढू नका. उद्या सकाळी सातला समदे या. चपला घालून येऊ नका."

सकाळी त्यांनी आधी रोपाला हात जोडले. मग छिन्नीने कठडा कडेकडेने फोडत मुळे एकेक करून सोडवली. रोप धरायला एका बाजूला मालतीबाई होत्या, दुसऱ्या बाजूला तात्या. "झाड चांगलं हाय, जागा चुकली त्येची," असे म्हणत काकांनी विहाराच्या आवाराच्या पार टोकाला, भिंतीपासून चाळीस पावले मोजून, ते लावले. फुटलेला सांधा बुजवायचे काम मात्र त्यांनी मला दिले. थापी माझ्या हातात देऊन ते शिडी उतरून गेले आणि पुन्हा पाहायलाही आले नाहीत. त्या वर्षी मी कितीदा खाली जाऊन मान वर केली असेल, ते माझे मलाच ठाऊक.

काकांच्या पंचाहत्तरीचा सोहळा मंचरच्या मोठ्या मंगल कार्यालयात करावा, असे त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या आम्हा सर्वांचे मत होते. काकांनी साफ नकार दिला. कार्यक्रम अवसरीच्या अभ्यासिकेतच होईल, तोही पाचच्या आत आटोपायचा, कारण पाचनंतर मुलांचा अभ्यास असतो. काकांना निरोगी, उदंड आयुष्य मिळो, त्यांचे गुडघे शिडीला आणि त्यांचा फटकळपणा आम्हाला अजून खूप वर्षे पुरो, हीच आम्हा सर्वांची मनापासूनची इच्छा.

काल मी त्यांना विचारले, "काका, तुमची खुर्ची कुठे मांडू?"

"खिडकीपाशी मांडा," ते म्हणाले. "तुमी बुजवलेल्या सांध्याच्या बरोबर खाली."