माझ्या हातचा प्याला

"ए, तू मागं हो. तुमच्या लोकांचं नंतर."

पुढच्या बाकावरच्या माईंनी माझा दंड धरला आणि मला वेदीच्या कठड्यापासून उठवलं. मी नुकतेच गुडघे टेकले होते. शाळकरी पोरगी. अंगात पांढरा सलवार-कुर्ता, आईनं शिवलेला. डोक्यावर पांढरी ओढणी. माझं पहिलं प्रभुभोजन होतं ते. आदल्याच रविवारी माझं दृढीकरण झालं होतं. म्हणजे आता मीही भाकर आणि प्याला घ्यायला लायक झाले होते. असं मला वाटत होतं.

पाळकसाहेब भाकरीचं ताट घेऊन माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते. त्यांनी माईंकडं पाहिलं. मग ताटात पाहिलं. माझ्या जागेवर माईंचा मुलगा येऊन टेकला.

आई शेवटच्या बाकावरून धावत आली. मला ओढत मागं घेऊन गेली. आणि दटावलं तिनं मलाच. "पुढं कशाला गेलीस? आपलं शेवटी असतं, ठाऊक नाही?"

नव्हतं ठाऊक. प्रभुभोजनाच्या वेळी आम्हा मुलांना बाहेर काढत. बाहेर आम्ही चिंचेखाली खेळायचो. आत कोण आधी उठतं, कोण शेवटी, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

त्या दिवशी पाहिलं. सगळी मंडळी घेऊन झाली, तेव्हा आई, वडील आणि मी उठलो. प्याला माझ्यापर्यंत आला तेव्हा तळाशी जेमतेम एक घोट होता. सगळ्यांचं उष्टं आम्हाला चालत होतं. आमचं उष्टं कुणाला चालत नव्हतं.

मी तो घोट घेतला. आमेन म्हटलं. घरी येऊन ओकले.

आमचं चर्च ग्वाल्हेरात, मुरारला, जुन्या छावणीच्या भागात. मंडळीतले बहुतेक लोक हिंदी बोलणारे. मराठी घरं मोजकी. पण त्यातही दोन तऱ्हा. एक भाऊसाहेबांची. भाऊसाहेब म्हणजे माईंचे यजमान, मंडळीच्या कमिटीचे सेक्रेटरी. त्यांचे पणजोबा ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एका सरदाराच्या दफ्तरात होते. शिकलेले ब्राह्मण. त्यांनी बाप्तिस्मा घेतला, घरच्यांनी त्यांना टाकलं, ही गोष्ट भाऊसाहेब दर नाताळला सांगत. सांगताना त्यांचे डोळे भरून येत. खरंच येत. पण त्यांच्या घरातली शेंडी डोक्यावरून गेली, डोक्यातून गेली नाही.

दुसरी तऱ्हा आमची. माझे पणजोबा नगरकडचे महार. एका प्रचारकाच्या खानसाम्याचा मदतनीस म्हणून ग्वाल्हेरला आले. आमच्याही घरच्यांनी काहीतरी सोडलं असणार, काहीतरी सोसलं असणार. ती गोष्ट नाताळला कुणी सांगत नाही. वडील चर्चचे चौकीदार. आई चर्च झाडायची, बाक पुसायची. कंपाउंडच्या मागच्या खोलीत आम्ही राहायचो.

"ख्रिस्तात जात नाही," भाऊसाहेब म्हणत. पुढच्या बाकावरून.

मी त्या दिवशी पुढं का गेले, तेही सांगते. दृढीकरणाच्या वर्गात पाळकसाहेबांनी शिकवलं होतं, की देव प्रत्येकाला संधी देतो. ती ओळखायची आणि लगेच उठायचं. मागंपुढं बघायचं नाही. मला ते फार पटलं होतं. मी खरंच मागंपुढं न बघता उठले होते.

त्यानंतर हा शब्द मी आयुष्यभर ऐकला. संधी. नाताळच्या जेवणाची भांडी आईकडं यायची, तेव्हा ती सेवेची संधी असायची. वडील तापानं फणफणलेले असताना बिशप येणार म्हणून त्यांच्याकडून कुंपण रंगवून घेतलं, तीही संधी. देवानं दिलेली. मला नवल वाटायचं ते याचं, की देव आमच्या संधी आमच्याकडं थेट का पाठवत नाही. भाऊसाहेबांच्या हाती का देतो?

मी नर्स झाले. एका खाजगी हॉस्पिटलात लागले. इंदरगंजला दुकानावरची दोन खोल्यांची जागा भाड्यानं घेतली. लग्न केलं नाही. वडील वारले. आईला किती सांगितलं, माझ्याकडं ये. ती म्हणायची, "माझं चर्च कोण झाडील?"

मग माई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. पुढच्या रविवारी भाऊसाहेब उपासनेनंतर उभे राहिले आणि सगळ्या मंडळीला म्हणाले, "आपल्या या भगिनीला देवानं सेवेची संधी दिली आहे. ती रोज येऊन माईंचं करणार आहे." भगिनी म्हणजे मी. मला कुणी विचारलं नव्हतं. लोकांनी माना डोलावल्या. आई तर इतकी खूश झाली, जणू तिला मान मिळाला.

गेले मी. हॉस्पिटलची ड्यूटी संपली की टेंपोत बसायचं, बाड्याच्या चौकात उतरायचं, तिथून गल्लीतून त्यांच्या घरी. सगळा हिवाळा. माईंना कुशीवर वळवलं. पाठीला जखम होऊ दिली नाही. बेडपॅन दिला, काढला, धुतला. अंग पुसलं. केस विंचरले. माई म्हणायच्या, "तुझा हात फार हलका आहे गं."

त्याचा मला पस्तावा नाही. माणूस बिछान्यात पडला की तो पेशंट असतो. माई पुन्हा चालायला लागल्या, तेव्हा मला आनंद झाला. खोटं का बोलू.

गेल्या वर्षी नवे पाळक आले. तरुण, छत्तीसगढचे, हिंदी बोलणारे. आमच्यातल्या तऱ्हा त्यांना ठाऊक नव्हत्या. एके रविवारी उपासना झाल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"दीदी, अगले महीने से प्रभु भोज में प्याला आप देंगी? अब बहनें भी दे सकती हैं."

भाकर पाळकांनी द्यायची आणि त्यांच्या मागोमाग मी प्रत्येकाच्या ओठाला प्याला लावायचा. मी.

माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "नहीं." लगेच निघाला. ठेवणीतला असावा तसा. म्हटलं, सोचकर बताती हूँ.

टेंपोत बसले. मी स्वतःलाच विचारलं, भीती कुणाची वाटते? देवाची? देवाची नव्हती. मग मला ते मेज दिसलं. येशूच्या भोवती शेवटच्या रात्री कोण बसलं होतं? मासे मारणारे. एक जकातवाला. घामाचा, माशांचा वास येणारी माणसं. त्यांच्यात कुणी दफ्तरदार नव्हता. आणि येशूनं कुणाला म्हटलं नव्हतं, की तुमच्या लोकांचं नंतर.

इतकी वर्षं ज्या संधी मला मिळाल्या, त्या सगळ्यांत मला वाकायचं होतं आणि सोय दुसऱ्याची व्हायची होती. ही पहिली अशी होती, की जिच्यात मला सरळ उभं राहायचं होतं. आणि हिलाच मी नाही म्हणायला निघाले होते. तेव्हा मला कळलं, ही भाऊसाहेबांकडून आलेली नाही.

घरी पोचायच्या आधी मी पाळकांना फोन केला. हो म्हटलं.

त्याच आठवड्यात भाऊसाहेब माझ्या घरी आले. पहिल्यांदाच. जिना चढून दमले होते. मी खुर्ची दिली, पाणी आणलं. पाण्याला त्यांनी हात लावला नाही.

"पाळकांनी तुला विचारलं म्हणे," ते म्हणाले.

"हो."

"नवीन आहेत. त्यांना इथलं ठाऊक नाही. तू गुणी मुलगी आहेस. माईंचं केलंस, आम्ही विसरलेलो नाही. पण मंडळीत अडचण होईल."

"कुणाला?"

"लोकांना."

"कसली अडचण, भाऊसाहेब?"

ते खिडकीबाहेर बघायला लागले. "तुला कळतंय."

"नाही कळत. तुम्ही सांगा."

नाही सांगितलं. सगळं आयुष्य गेलं, पण आमच्या जातीचा तो शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. तेवढं ते जपून असतात. मग आवाज मऊ केला. वेदीपाशी करतात तसा. "हे बघ. देव कधीकधी आपल्याला नम्र होण्याची संधी देतो. ही तुझी संधी समज. तू आपणहून नाही म्हण. तुझी शोभा वाढेल."

माझ्या डोक्यात काहीतरी सणकलं. पण आवाज चढला नाही. कसा कोण जाणे.

"नम्र व्हायची संधी आहे ना? मग या खेपेला ती तुम्ही घ्या. कठड्याशी या, गुडघे टेका, आणि माझ्या हातून प्याला घ्या."

भाऊसाहेब उठले. तोंड लाल झालं होतं. मी म्हटलं, "माईंना माझ्या हातचा बेडपॅन चालला. सगळा हिवाळा चालला. प्याल्याला काय झालं?"

"जिभेला हाड नाही तुझ्या," ते म्हणाले. दाराशी गेले आणि वळले. "आई अजून त्या खोलीतच राहते ना? कमिटीत खोल्यांचा विषय निघतोय."

ते गेल्यावर मी खाली बसले. त्यांनी न घेतलेलं पाणी मीच प्यायले.

आईला सांगितलं. वाटलं होतं, ती मला जवळ घेईल. ती माझ्यावर धावून आली. "तुझ्या प्याल्यापायी माझं घर जाईल! तुझा बाप गेला त्या खोलीत! तुला काय, तू पगारवाली." मी म्हटलं, आई, आपण शेवटी का उठतो, सांग मला. ती म्हणाली, "शेवटी उठलं म्हणून प्रभू काही कमी भेटला नाही मला." तिला प्रभू खरंच भेटला असेल. पण शेवटी उभं करणाऱ्यांना तो भेटला होता का, हा माझा प्रश्न आहे.

तो रविवार आला. पाळकांनी भाकर मोडली, प्रार्थना केली आणि माझ्या हातात प्याला दिला. चांदीचा, जुना, जड. "आइए," ते म्हणाले.

कुणी उठलं नाही.

पहिला बाक भाऊसाहेबांचा. आधी ते उठतात, मग बाकीचे. ही कायमची रीत. ते बसून राहिले. हात मांडीवर, नजर समोर. त्यांच्याशेजारी माई. माई माझ्याकडं बघत नव्हत्या. त्यांची नात, कॉलेजात जाणारी, अर्धी उठली. "दादी, चलो ना." माई तिला म्हणाल्या, "खाली बस." ती बसली.

पंखे तेवढे फिरत होते. मी प्याला धरून उभी. मनात म्हटलं, प्रभू, हे तूच दिलंस ना? मग आता मला पडू देऊ नकोस.

मधल्या बाकावरून एक रिटायर्ड सुभेदार उठले, हिंदी बोलणारे. बूट वाजवत आले, टेकले. मी त्यांच्या ओठाला प्याला लावला. प्रभूचं रक्त तुमच्यासाठी, असं म्हणायचं असतं. मी ते हिंदीत म्हटलं. मग आणखी काही आले. काहींनी भाकर घेतली आणि मी प्याला घेऊन त्यांच्यापर्यंत पोचायच्या आत छातीवर क्रूसाची खूण करून उठून गेले. त्यांत अशी माणसंही होती, ज्यांच्या मुलांना मी इंजेक्शनं दिली आहेत, ज्यांच्या आईबापांचे डोळे मी मिटले आहेत.

पहिला बाक शेवटपर्यंत हलला नाही.

आई आली. सगळ्यांच्या नंतर. सवयीनं. पुढं किती जागा रिकामी होती, पण ती थांबून राहिली, कुणी उरलं नाही ना हे बघत. मग येऊन टेकली. प्याला घेतला. माझ्याकडं मान वर करून पाहिलं नाही.

त्याच महिन्यात तिला खोली सोडायला सांगितलं. दुरुस्ती करायची आहे म्हणाले. आता ती माझ्याकडं इंदरगंजला असते. माझ्याशी कामापुरतं बोलते. सकाळी उठून दोन खोल्या पुन्हा पुन्हा झाडते आणि मग विचारते, "तिकडं कोण झाडत असेल गं?" मी तिच्या पाया पडले, एकदा. ती म्हणाली, "उठ, ड्यूटीला उशीर होईल."

परवा पाळकांचा फोन आला. मी वॉर्डात होते, बाहेर जिन्यात येऊन घेतला.

"दीदी, बुरा मत मानना. कुछ परिवारों ने आना बंद कर दिया है. इस बार प्याला किसी और को दे दें? माहौल शांत हो जाए, बस."

मी विचारलं, "लोगों को कारण क्या बताएँगे?"

"कारण बताने की क्या ज़रूरत है, दीदी?"

"ज़रूरत है," मी म्हटलं.

चांगला माणूस आहे. घाबरला आहे. मी त्याला सगळं नीट समजावून सांगितलं. की मी आजारी पडणार नाही. माझी ड्यूटी निघणार नाही. मी आपणहून नाही म्हणणार नाही. मी रविवारी येणार, कठड्याच्या आत उभी राहणार आणि प्याल्यासाठी हात पुढं करणार. तो द्यायचा नसेल तर देऊ नका. पण मग वेदीपाशी उभं राहा आणि सगळ्या मंडळीसमोर सांगा, का देत नाही. भाऊसाहेबांनी सांगितलं तरी चालेल. जो शब्द या चर्चमध्ये आजवर एकदाही कुणी उच्चारला नाही, तो उच्चारा. मराठीत उच्चारा, हिंदीत उच्चारा. तो ऐकल्याशिवाय मी तिथून हलणार नाही.