सगुणामावशीच्या वाट्याचं जहाज

हे मी बायकोलाही बोललेलो नाही. आईला तर नाहीच – ती तिकडं परभणीच्या पुढं, आणि फोनवर असलं काही बोलता येत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. म्हणून कदाचित जमेल. बघू.

आमच्या घरात टीव्हीच्या वर एक फोटो आहे. मी, बायको, लेक, धाकटा – आणि मागं पांढरंशुभ्र जहाज, आपल्या इकडच्या बारा मजली सोसायटीएवढं. मुंबईहून गोवा आणि परत. घरी येणारा माणूस पाणी प्यायच्या आधी त्या फोटोपाशी जातो. मी फोटोकडं पाठ करून जेवायला बसतो. बायकोला वाटतं, मला टीव्हीचा आवाज सोसत नाही.

मी नववीत शाळा सोडली. चाकणला आलो तेव्हा कुणी ओळखीचं नव्हतं. हेल्पर म्हणून लागलो, आणि बारा वर्षांनी कंपनीनं मला पर्मनंट केलं. आयटीआय झालेली पोरं गेटबाहेर उभी असताना मला केलं! ते उपकार मी विसरलेलो नाही. पण उपकारासोबत एक भीतीही आली – कुणीतरी एक दिवस विचारेल, हा इथं कसा? हे मी का सांगतोय? भीती होती म्हणून झालं, असं तुम्हाला वाटावं म्हणून? नाही. तसं वाटून घेऊ नका.

आमच्या लाइनवर गिअरबॉक्समध्ये बसणाऱ्या स्टीलच्या रिंगा होतात. मशीनवरून पॅकिंगला जाताना त्या क्रेटमध्ये एकमेकींवर आपटायच्या, चरे पडायचे. चरा पडलेली रिंग गेली भंगारात. इंजिनिअर लोकांनी प्लास्टिकचे ट्रे आणले, मध्ये कागद घातले. काही उपयोग नाही. मी त्याच लाइनवर इतकी वर्षं, मलाही काही सुचलं नाही.

सुचलं ते सगुणामावशीला. ती पॅकिंगला होती, ठेक्यावर. मावळातली बाई, आधी जत्रांमधून बांगड्या विकायची. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत तिनं भंगारातला एक लोखंडी दांडा आणला, त्यावर सायकलची जुनी ट्यूब चढवली आणि एकेक करून पन्नास रिंगा ओवल्या. दोन्ही टोकांना सुतळी बांधली. "बांगड्या कदी टोपलीत वततंय का कुनी?" म्हणाली, "येड्यांनो, दांड्यावर घालत्यात." संध्याकाळी मी त्या पन्नासही रिंगा उजेडात धरून पाहिल्या. एकीलाही चरा नाही.

आमच्याकडं सूचनेचा फॉर्म असतो. कामात काही सुधारणा सुचली की लिहून पेटीत टाकायचा. पण त्यावर टोकन नंबर लागतो, आणि ठेक्यावरच्या माणसाला कंपनीचं टोकन नसतं. तिनंच म्हटलं, "तुजं नाव टाक. मला त्या कागदाचं काय करायचं? फकस्त सायबाला येवडं सांग – हे मावशीचं डोकं हाय. माजा ब्रेक जवळ आलाय."

ब्रेक म्हणजे काय, ते चाकणला कुणालाही विचारा. सात महिने भरत आले की ठेक्यावरच्या माणसाला घरी बसवतात, म्हणजे कायम करायचा प्रश्नच नको. नंतर बोलावतील तर बोलावतील. साहेबाच्या नजरेत भरलेल्या बाईला बोलावतात. तिला फक्त तेवढं हवं होतं. घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं.

मी म्हणालो, सांगतो. आणि – खरं सांगतो – तेव्हा मी सांगणार होतो.

त्या वर्षी पहिलं बक्षीस होतं सहकुटुंब जहाजाची सफर. ते मला मिळालं. प्लांटच्या मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर माइक माझ्या तोंडाशी धरला आणि विचारलं, "कसं सुचलं?" मावशी मागं दाराजवळ, ठेक्यावरच्या बायकांत उभी होती. मला दिसत होती. मी म्हणालो, "बायकोच्या बांगड्या बघून, साहेब."

सगळे हसले. टाळ्या वाजल्या. मावशीनंही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी जवळून जाताना तिनं हळूच विचारलं, "सांगशील न्हवं?" मी म्हणालो, साहेब एकटे सापडू देत. आठवड्याभरात ते एकटे सापडलेही. केबिनमध्ये बोलावलं, चहा दिला, खुर्ची दिली – त्या केबिनमध्ये मी तोवर कधी बसलो नव्हतो. आणि त्यांनी स्वतःच विचारलं, "कुणाची मदत होती का यात? असेल तर सांग, त्याचंही बघू."

यापेक्षा सोपं कुणी काय करून देणार?

मी म्हणालो, "नाही साहेब. कुणाची नाही."

हेच ते. एवढंच सांगायला इतका वेळ लागला.

मग आम्ही जहाजावर गेलो. काय नव्हतं तिथं! वरच्या मजल्यावर पोहण्याचा तलाव, काचेची लिफ्ट, कधीही जा आणि हवं ते खा. धाकटा घसरगुंडीवरून उतरायला तयार नव्हता. जेवणाच्या टेबलावर नाशिकचं एक कुटुंब होतं. त्यांनी विचारलं, तर बायकोनं सगळी गोष्ट सांगितली, आणि शेवटी हात वर करून बांगड्या वाजवल्या. "ह्या बघा त्या!" ती एवढी खूश मी कधी पाहिली नव्हती. लेकीनं विचारलं, "पप्पा, तेव्हा मम्मी काय करत होती?" मी म्हणालो, भाकरी थापत होती. हेही मी तिथंच, श्रीखंड खाता खाता रचलं.

दुपारी एकटाच कठड्यापाशी उभा राहिलो. कुठंच किनारा नाही. मागून बांगड्या वाजल्या, म्हणून वळलो, तर कुणी नव्हतं. बायको खाली झोपली होती. तुम्ही म्हणाल, भास. असेल. पण त्यानंतर मला बांगड्यांचा आवाज कधी साधा वाटत नाही – आणि घरात तर तो दिवसभर असतो.

परत आलो तेव्हा पॅकिंगला दुसरी बाई होती. "काय कॅप्टन, जहाज कुठं लावलं?" पोरं चेष्टा करत होती. मी हसलो. मावशीचं मी कुणाला विचारलं नाही.

दोन वर्षांनी ती दिसली, चिंचवडला, बसच्या रांगेत. वाळलेली. मारुंजीत आयटीवाल्या पोरांच्या मेसमध्ये भांडी घासते म्हणाली. मी वाट बदलणार होतो, पण तिनंच हाक मारली. आधी विचारलं, "पोरांनी दर्या बगितला का रं?" मग म्हणाली, "तू येवडं सांगितलंस, तरी त्यांनी न्हाई बोलावलं. तू काय करनार, लेकरा? मनाला लावून घिऊ नगंस."

तेव्हा तरी – रस्त्यावर, ना साहेब, ना माइक, ना कुणी ओळखीचं – तेव्हा तरी मी काय म्हणालो असेन?

"हो मावशी. सांगितलं होतं मी."

बस आली. चढायच्या आधी तिनं दोन्ही हात माझ्या तोंडावरून फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. तिचा हात नीट पोचावा म्हणून मी थोडा वाकलो होतो.