सिस्टरची ओटी

मी सून होऊन गावात आले, त्याच्या आगेमागेच केरळहून तीन ख्रिस्ती सिस्टर आल्या. गावाबाहेर कापूस साठवायची एक रिकामी कोठी त्यांनी भाड्याने घेतली, भिंतींना चुना मारला आणि दवाखाना उघडला. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. लोक लांबून बघायचे, आत कोणी जायचं नाही. "पाणी बी नको पिऊ तिथलं, बाटवतीन," सासूबाईंनी मला बजावलं होतं.

त्याच वर्षी हिवाळ्यात मला सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. सुईणीने हात लावून पाहिला आणि म्हणाली, "हे माह्या हातचं नाई." नवऱ्याने भर दुपारी बैल जुंपून दवाखान्याकडे बंडी काढली. सासूबाई सोबत बसल्या. घरच्या पाण्याची कळशी तेवढी त्यांनी घेतली.

मुलगी झाली. वांग्याएवढी. रडलीच नाही. वयाने मोठ्या सिस्टरने तिची पाठ चोळली, नाकातोंडातलं पुसलं, तेव्हा कुठे मांजरीच्या पिल्लासारखा आवाज आला.

"हे काई जगत नाई बाप्पा," सासूबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या.

सिस्टर विहिरीवर, बाजारात भेटणाऱ्या गावातल्या बायांकडूनच मराठी शिकलेली. ती म्हणाली, "आजी, घरी कापूस हाये ना? पोरीले ऊब पायजे. आणा."

घरात नुकतीच वेचणी होऊन आलेला कापूस होता. नवऱ्याने गाठोडं आणलं. सासूबाई माझ्या खाटेपाशी जमिनीवर बसल्या आणि बोटांनी एकेक सरकी काढू लागल्या. सिस्टर तो कापूस उन्हात तापवायची, बाळाभोवती गुंडाळायची आणि बाळ माझ्या छातीशी बांधायची. दूध ड्रॉपरने थेंबथेंब. मी सारखी रडायचे. "काऊन रडून राह्यली? जित्ती हाये ना ते," ती दटावायची आणि माझे केस विंचरून द्यायची.

एकदा ती प्रार्थना करून उठली, तशी सासूबाईंनी विचारलं, "काय मांगतं वं तू तुह्या देवाले?"

"तुमची नात. तुमी?"

"मी केळझरच्या गणपतीले मांगतो."

"मंग मांगत राहा, आजी. कोनी तरी आयकन."

त्या दिवशी सासूबाई सिस्टरच्या हातचा चहा प्यायल्या.

मुलगी जगली. मग आळीतल्या कोणत्याही पोटुशीला सासूबाई स्वतः दवाखान्यात नेऊ लागल्या. ऐंशीच्या सुमाराला पक्की इमारत झाली, खाटा वाढल्या, लांबच्या गावांहून एस.टी.ने बाया येऊ लागल्या.

त्यानंतर मोठ्या सिस्टरची बदली झाली. निरोपाला बाया जमल्या आणि वाद लागला, हिची ओटी भरायची कशी? ना लग्न, ना लेकरू.

"काऊन नाई?" सासूबाई कडाडल्या. "अर्ध्या गावाची लेकरं हिच्या हातात आली. भर वं, सूनबाई."

सिस्टरला पदर नव्हता. तिने पांढरा झगाच दोन्ही हातांनी पुढे धरला. मी तांदूळ घातले. शाळेचा गणवेश घातलेली माझी मुलगी शेजारी उभी होती, तिने नारळ ठेवला. सिस्टरला पुढे काय करायचं ते कळेना. ती तशीच झगा धरून उभी राहिली, हसत होती आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. सासूबाईंनी आपल्या पदराने ते पुसले.